युद्धातल्या त्या अंतराळ-केंद्रातही तीन लाल मिनिटं ठेवा

मराठी विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखक-लेखिकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांसाठी कथा मागवण्याचे आणि लिहून पाठवण्याचे हे दिवस. छपाई सुरू झाल्यावर पत्र पोचून उपयोग नाही, म्हणून आत्ताच लिहितो आहे. मी मुलुंडला राहतो. मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होतो. जहाजावर आम्हाला सगळे ‘मार्कोनी साब’ म्हणत. १ फेब्रुवारी १९९९ पासून उपग्रहांच्या आधाराने चालणारी नवी संकटसंदेश व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सच्या टिंब-रेघांवर कान लावून बसणारा माणूस जहाजाला लागेनासा झाला. आमचा हुद्दाच संपला. वाचनाची सवय जहाजावर लागली होती ती मात्र टिकली, आणि त्यातही विज्ञानकथा मी दरवर्षी शोधून वाचतो.

गेल्या काही वर्षांत एक कथा मला वेगवेगळ्या अंकांत भेटते आहे. पृथ्वीपासून फार लांब, गुरूच्या आसपास किंवा त्याही पलीकडे, एक एकाकी केंद्र आहे. युद्ध चालू आहे. केंद्रातल्या दोन-चार माणसांचं काम शत्रूचे सिग्नल टिपायचं. एके दिवशी कुणालाच ओळखता येत नाही असा सिग्नल येतो. तो परग्रहावरच्यांचा निघतो, नाहीतर मोठ्या हल्ल्याचा हुकूम निघतो, आणि शेवटी केंद्र स्फोटात जातं. ही कल्पना मला मनापासून आवडते. तिच्यातला हेडफोन लावलेला माणूस माझ्या धंद्यातला आहे, म्हणून जरा जास्तच आवडते. पण जी हाक ऐकण्यासाठी आम्हाला मुळात त्या खुर्चीत बसवलं जायचं, ती मदतीची हाक या कथांत येतच नाही. ती यावी, आणि ती शत्रूची असावी, एवढं मागायला हे पत्र लिहितो आहे.

जुन्या जहाजांच्या रेडिओ रूममध्ये एक घड्याळ असायचं. त्याच्या तबकडीवर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांच्या जागी लाल पट्टे. दर तासाला ही तीन-तीन मिनिटं आली की ५०० किलोहर्ट्झवर प्रत्येक जहाजाने आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक स्टेशनने आपलं बोलणं थांबवायचं आणि नुसतं ऐकायचं. आपलं किनाऱ्यावरचं स्टेशन मुंबई रेडिओ (रेडिओवरचं त्याचं नाव व्हीडब्ल्यूबी), तेही गप्प. (तोंडी बोलण्यासाठी २१८२ किलोहर्ट्झवर तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या सुरुवातीला असेच हिरवे पट्टे होते.) बुडणाऱ्या जहाजाची वीज गेलेली असते, बॅटरी उतरत असते, कधी एरियलच तुटलेली असते. त्याचा दुबळा सिग्नल बाकीच्यांच्या व्यवहारी बोलण्याखाली दबून जाऊ नये, म्हणून ही सोय. १९१२ साली टायटॅनिक बुडत असताना जवळच थांबलेल्या कॅलिफोर्नियन जहाजाचा एकुलता एक रेडिओ ऑपरेटर दिवसाचं काम आटोपून झोपला होता. त्यानंतर समुद्रावर चोवीस तास ऐकत राहण्याचे नियम झाले.

दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजांना रेडिओवर बोलायला मनाई होती, पण ऐकणं थांबलं नाही. संकटसंदेशांत उलट नवी अक्षरं आली. पाणबुडीने हल्ला केला तर चार वेळा एस, शत्रूच्या युद्धनौकेने केला तर चार वेळा आर, विमानाने केला तर चार वेळा ए. जहाज बुडण्याआधी ऑपरेटरला तेवढं आणि आपलं ठिकाण पाठवता आलं तरी पुरे.

आता एक खरी घटना सांगतो. तुमच्या कथेला हवं ते सगळं तिच्यात आहे. १२ सप्टेंबर १९४२ च्या रात्री दक्षिण अटलांटिकमध्ये यू-१५६ या जर्मन पाणबुडीने लॅकोनिया हे ब्रिटिश जहाज बुडवलं. जहाजावर सुमारे १,८०० इटालियन युद्धकैदी होते, शिवाय सैनिक, बायका आणि मुलं. पाण्यातून इटालियन भाषेतल्या हाका ऐकू आल्यावर कमांडर हार्टेनश्टाइन याच्या लक्षात आलं की आपल्याच मित्रराष्ट्राची माणसं बुडताहेत. त्याने माणसं वर घ्यायला सुरुवात केली आणि मग इंग्रज, इटालियन असा भेद केला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने पाणबुडीवाला कधी करणार नाही ते केलं. सांकेतिक भाषा बाजूला ठेवून उघड इंग्रजीत, आपलं ठिकाण सांगून, संदेश पाठवला: कुणीही मदतीला या, माझ्यावर हल्ला झाला नाही तर मी तुमच्यावर करणार नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रीटाउनला ब्रिटिशांनी तो संदेश ऐकला. ती शत्रूची चाल असेल असं वाटून त्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. १६ सप्टेंबरला एका अमेरिकन विमानाने त्या पाणबुडीवर बॉम्ब टाकले, तेव्हा तिच्यावर रेडक्रॉसचं कापड पसरलेलं होतं आणि मागे माणसांनी भरलेल्या होड्या ओढल्या जात होत्या. पाणबुडीला माणसांना पुन्हा समुद्रात सोडून बुडी मारावी लागली. पुढे फ्रेंच जहाजांनी येऊन पुष्कळांना उचललं, तरी हजाराहून अधिक माणसं गेली. आणि जर्मन पाणबुडी दलाचा प्रमुख डोनिट्झ याने हुकूम काढला की यापुढे बुडणाऱ्यांना वाचवायचं नाही.

फ्रीटाउनच्या त्या खोलीत हेडफोन लावून बसलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर येतो. मजकूर उघड आहे, ठिकाण दिलेलं आहे, पाठवणारा शत्रू आहे. खरं मानावं की सापळा? अशा एका प्रसंगावर तुमची अख्खी कथा उभी राहू शकते. त्यात परग्रहावरचं कुणी आणायची गरज नाही.

युद्धात उत्तर देणं इतकं अवघड का असतं, हेही लिहिताना ध्यानात घ्या. उत्तर दिलं की तुम्ही कुठे आहात ते कळतं. दोन वेगळ्या ठिकाणांहून सिग्नलची दिशा मोजली, रेषा जुळवल्या, की ठिकाण मिळालं. जर्मन पाणबुड्या काही सेकंदांचेच संदेश पाठवत, तरीही दोस्तांच्या जहाजांवरची दिशाशोधक यंत्रं त्यांना पकडत. अंतराळात आडोसा तर कुठलाच नाही. तुमच्या केंद्राने शत्रूच्या फुटलेल्या यानाला ‘ऐकलं, येतोय’ एवढं जरी सांगितलं, तरी वर्षानुवर्षं लपवलेली जागा उघडी पडेल. वाचकाचा श्वास अडकायला हे पुरेसं आहे.

मी हे ऐकीव सांगत नाही. इराण-इराक युद्धात १९८४ ते १९८८ या काळात आखातात टँकरांवर हल्ले होत होते, आणि तेव्हा मी तिकडे जाणाऱ्या जहाजांवर होतो. रात्री व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर, म्हणजे हाक मारायच्या आणि संकटाच्या चॅनलवर, सगळं ऐकू यायचं. युद्धनौका एकेका जहाजाला नाव, झेंडा, माल, कुठून कुठे, असं विचारत. कुणी शिव्या देत, कुणी रेडिओवर गाणी लावून चॅनल अडवून ठेवत. आणि मधेच एखादा आवाज आगीच्या ज्वाळांतून बोलतोय असा यायचा. घाबरलेला माणूस कुठल्याही देशाचा असो, ठिकाण सांगायच्या आधी देवाचं नाव घेतो. त्याला शांत आवाजात पुन्हा पुन्हा ‘पोझिशन, पोझिशन’ विचारावं लागतं, आणि तो अक्षांश-रेखांश सांगेपर्यंत आपलाही घसा कोरडा पडतो. आमच्या जहाजावर कोकणातले खलाशी होते. असा कॉल आल्याचं कळलं की सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, रेडिओ रूमच्या दाराशी येऊन उभा राहायचा. “साब, बोटी सुटल्या का त्यांच्या?” एवढंच विचारायचा. जहाज कुणाचं, हे त्याने कधी विचारलं नाही. तुमच्या केंद्रात असा एक सारंग असू द्या. तुमचे कमांडर आणि शास्त्रज्ञ छान बोलतात, पण केंद्राचा पंप दुरुस्त करणारा, जेवण रांधणारा, हवेच्या टाक्या तपासणारा माणूसही दाराशी येऊन काहीतरी विचारेल की नाही?

कानाच्या कामाबद्दलही थोडं सांगतो, कारण कथांत ते फार घाईने उरकलं जातं. नायिका की-बोर्ड बडवते, पडद्यावर संकेत फुटतो, मजकूर वाचता येतो. खऱ्या युद्धात ऐकणाऱ्याला मजकूर बहुधा कळत नसे. ब्रिटनमध्ये महायुद्धात शेकडो बायका आणि हौशी रेडिओवाले रात्र-रात्र बसून अर्थ न लागणारी अक्षरं लिहून घेत आणि संकेत फोडणाऱ्या ब्लेचली पार्क या केंद्राला पाठवत. पण मोर्सची की दाबणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कुणाचा डॅश लांबतो, कुणी अक्षरांमध्ये नेमकं एवढंसं थांबतो. सरावाने ते ऐकणारे शत्रूच्या ऑपरेटरला त्याच्या हातावरून ओळखत. कोण कुणाला बोलावतं, किती वेळा, कोणत्या तासाला, एवढ्यावरून पलटण हलली हे सांगता येई. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या चढाईआधी दोस्तांनी आग्नेय इंग्लंडमध्ये नसलेल्या सैन्याची खोटी रेडिओ वर्दळ चालवली ती याच कारणाने. तेव्हा तुमच्या नायिकेला संकेत फोडता आला नाही तरी चालेल. महिनोन् महिने रोज ऐकून तिला शत्रूच्या एका ऑपरेटरचा हात ओळखीचा झालेला असू दे. त्याला सर्दी झाली, तो दमला, त्याच्या जागी दुसरा आला, हे सगळं तिला कळू दे. आणि मदतीची हाक त्याच हाताने येऊ दे. अंतराळात मोर्स कुठून आला असं कुणी विचारलं तर सांगा की यंत्राची वीज संपत आल्यावर चालू-बंद करता येईल असा एक दिवाही पुरतो.

लॅकोनिया बुडाली त्याच आठवड्यांत आपल्या मुंबईतही रेडिओचं युद्ध चाललं होतं. २७ ऑगस्ट १९४२ ला उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटर तरंगलांबीवर सुरू झाला. जागा बदलत बदलत तो चालला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. सरकारची माणसं हे प्रसारण ऐकत होती आणि शब्द न् शब्द उतरवून घेत होती. खटल्यासाठी ठेवलेल्या त्या नोंदींमुळेच आज आपल्याला त्या रेडिओवर काय बोललं गेलं ते वाचता येतं. शत्रूने लिहिलेल्या कागदांत आपला आवाज जपला गेला. तुमच्या कथेत केंद्राचं लॉगबुक असेल, तर त्याच्याकडे याही नजरेने बघा. ते शेवटी कुणाच्या हाती लागेल आणि त्यात कुणाचा आवाज असेल?

भौतिकशास्त्राचं थोडक्यात, कारण ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. एकच विनंती, केंद्र चंद्राच्या पलीकडच्या बाजूला ठेवून तिथून पृथ्वीवरचं युद्ध ऐकवू नका. ती जागा शांत आहे ती पृथ्वीचा रेडिओ-गोंगाट तिथे पोचत नाही म्हणूनच. गुरूजवळ ठेवलंत तर फार बरं. पृथ्वीहून गुरूपर्यंत सिग्नल जायला साधारण ३३ ते ५३ मिनिटं लागतात. म्हणजे ‘काय करू?’ असं विचारून उत्तर येईपर्यंत तासाहून जास्त वेळ गेला, आणि फुटलेल्या यानातली हवा तोवर थांबत नाही. निर्णय केंद्रातल्या माणसालाच घ्यावा लागेल. यंत्रं असताना तिथे माणसं का ठेवली, या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. प्रत्यक्षात अमेरिकेने माणसं बसवून हेरगिरी करायच्या अंतराळ-प्रयोगशाळेचा बेत १९६९ मध्ये गुंडाळला, कारण बिनमाणसांचे उपग्रह ते काम स्वस्तात करू लागले होते. रशियाने १९७४ मध्ये सॅल्यूट-३ या नावाखाली लष्करी केंद्र सोडलं आणि त्यावर तोफसुद्धा बसवली. पण यंत्राने जे सांगितलं ते खरं की खोटं हे ठरवायला माणूसच लागला. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री मॉस्कोजवळच्या केंद्रात उपग्रहांनी अमेरिकेची क्षेपणास्त्रं सुटल्याचं दाखवलं, आणि तिथला पाळीवरचा अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव याने हा इशारा खोटा असल्याचं वरिष्ठांना कळवलं. उंच ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश होता तो.

गुरूच्या बाजूने आणखी एक गोष्ट. तो ग्रह स्वतःच रेडिओवर गर्जत असतो, हे १९५५ मध्ये लक्षात आलं. सुमारे ४० मेगाहर्ट्झच्या खाली त्याचे जोरदार स्फोट ऐकू येतात, आणि ते बऱ्याच अंशी त्याचा चंद्र आयो कुठे आहे यावर अवलंबून असतात. आयो साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो. म्हणजे तुमच्या केंद्राला गोंगाटाचं आणि शांततेचं एक नैसर्गिक वेळापत्रक आयतंच मिळतं. आमच्या घड्याळातले लाल पट्टे माणसांनी ठरवले होते, तुमचे आयो ठरवेल. त्या शांत खिडकीत केंद्राने शत्रूचे संदेश टिपायचे की दुबळी हाक शोधायची, एवढ्यावर वाद घालणारी दोन माणसं मला त्या खोलीत हवी आहेत.

हे सगळं भाबडं आहे, युद्धात कोण शत्रूची हाक ऐकतो, असं कुणी म्हणेल. म्हणून शीतयुद्धाचं उदाहरण देतो. १९७९ साली अमेरिका, सोव्हिएत युनियन, कॅनडा आणि फ्रान्स यांनी ठरवलं की संकटात सापडलेल्या जहाजांचे आणि विमानांचे सिग्नल उपग्रहांवरून ऐकायचे, आणि ते कुणाचेही असोत. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, तरी हे काम थांबलं नाही. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात एक छोटं विमान कोसळलं. त्याची हाक ऐकली ती कॉसमॉस-१३८३ या सोव्हिएत उपग्रहाने, आणि तीन माणसं वाचली. उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना सिग्नलचा सूर किती बदलतो त्यावरून जमिनीवरच्या स्टेशनने ठिकाण काढलं. एकमेकांवर हजारो अण्वस्त्रं रोखून बसलेल्या देशांनी हे केलं. ती कॉस्पास-सारसॅट व्यवस्था आजही चालते, भारत तिच्यात आहे, आणि बंगळुरू व लखनौ इथे तिची भूस्थानकं आहेत. संकटातल्या अंतराळवीरांना सर्व देशांनी मदत करावी असा करार तर १९६८ मध्येच झाला. तुमच्या कथेतल्या युद्धात तो करार कुणीतरी मोडणार असेल, तर तो मोडताना दाखवा, मोडणाऱ्याच्या खोलीत आम्हाला बसवा.

ऐकण्याच्या जागा बघायच्या असतील तर त्या आपल्या आसपास आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांच्या गटाने १९६५ मध्ये आपल्या कल्याणजवळ ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ छोट्या अँटेनांनी सूर्य ऐकला. सूर्य रेडिओवर बोलतो हे ज्या शोधातून कळलं, तोही युद्धातलाच होता. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश रडारवर गोंगाट झाला, तो जर्मनांचा असावा असं वाटलं, आणि जे. एस. हे (Hey) या ब्रिटिश शास्त्रज्ञाने तो सूर्याचा असल्याचं ओळखलं. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या स्कियापारेली या युरोपीय यानाचा दुबळा सिग्नल तिने ऐकला होता. यान कोसळलं, पण उतरताना त्याचा सिग्नल कधी थांबला हे खोडदला कळत होतं. लिहायला बसण्याआधी तिथे एक चक्कर मारून या.

लेखकांना सांगायचं ते एवढंच. तुमच्यापैकी कुणी अशी कथा लिहायला घेतली, आणि वॉच, म्हणजे पाळी, कशी बदलतात, लॉगमध्ये काय लिहितात, कान दमल्यावर काय होतं, असं काही विचारावंसं वाटलं, तर मी आणि माझ्या वयाचे बरेच मार्कोनी साब मुंबई, ठाणे, डोंबिवली, वसई इथे आहेत. कुणीही आनंदाने वेळ देईल. फार वर्षं मात्र आम्ही उरणार नाही, तेव्हा उशीर करू नका.

आणि संपादकांना विनंती. ज्या कथेत एकही स्फोट नाही, जिच्यात दोन माणसं हेडफोन लावून वीस पानं एका दुबळ्या सिग्नलवरून भांडताहेत, अशी कथा तुमच्याकडे आली तर ‘यात युद्ध कुठे आहे?’ असा शेरा मारून ती परत पाठवू नका. ती छापा, आणि पानं कमी पडली तर माझ्यासारख्या वाचकाला विचारा. अंकाची किंमत थोडी वाढलेली आम्हाला चालेल.

आपला,
मर्चंट नेव्हीतला एक निवृत्त रेडिओ ऑफिसर
मुलुंड, मुंबई